मंगलबाईची मान आणि आमचा चातुर्मास

हळदीकुंकवाला मिळालेल्या ब्लाउजपीसचं कसं होतं, तुम्हाला माहीत आहे. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, कोणी टाकूनही देत नाही, आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर पडतात! आमच्या पार्किंगमधले किस्से तसेच साठलेत. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. म्हटलं, बरं. देवाचं नाव घेऊन बसते. (टेबलाशी बसलेय हं, पाठ टेकून. का ते कळेलच.)

सुरतेच्या डिंडोलीत आमची सोसायटी. दुपारचं जेवण उरकलं की आम्ही बायका खाली पार्किंगमध्ये चटया टाकून बसतो. बाकीच्या जणी साड्यांवर खडे चिकटवतात. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, पदरावर नक्षी छापलेली असते, तिच्यावर एकेक बारीक खडा गोंदाने बसवायचा. मला ते काम जमत नाही, म्हणून मी पोथी वाचते. त्यांची मान साडीत, माझी पोथीत. तीन-चार तास कोणाची मान वर नाही! वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला वाटावं, या बायकांचं काहीतरी हरवलंय आणि रोज शोधूनही सापडत नाहीये.

*

दुखणी प्रत्येकीला होती, पण मान कोणाचीच दुखत नव्हती! म्हणजे दुखायची, पण तिकडे लक्ष कोण देतं?

शोभाताईंचं डोकं मागून ठणकायचं. त्यांचं निदान : नजर. मीठ-मिरच्या ओवाळून ओवाळून त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मिरच्या संपल्या. शेजारच्या कोकिळाबेनना चक्कर यायची. त्यांचं निदान : नवा चष्मा. तो त्यांनी दोनदा बदलून आणला.

मंगलबाईच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या. खडा उचलला की बोटांतून निसटायचा. तिचं निदान : "माले काय बी व्हयेल नही!" मंगलबाई धुळ्याकडची. सुरतेत येऊन पंचवीस वर्षं झाली, पण काही लपवायचं असलं की तिची अहिराणी आपोआप बाहेर येते.

आणि मी? शनिवारी उपवास असायचा आणि नेमकं शनिवारी डोकं उठायचं. दुसरी कोणी असती तर उपवास सोडला असता. मला वाटलं, आपल्याकडून सेवेत काही कमी पडतंय. मी सोमवारचाही धरला.

मग सोमवारीही डोकं दुखायला लागलं!

*

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मंगलबाईच्या हातातून पुरणाची कढई सुटली. पाय वाचला, पुरण गेलं. ती खाली बसून रडली. मंगलबाईला रडताना आम्ही पहिल्यांदा बघितलं.

"पुरणाचं काय एवढं?" शोभाताई म्हणाल्या. "परत शिजवू."

"पुरण नही वं," ती डोळे पुसत म्हणाली. "हात असाच राहिला तर श्रावणात कानबाई कोन लेई?"

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणातल्या रविवारी घरात बसते, सोमवारी तिला चौरंगासकट डोक्यावर घेऊन, वाजतगाजत पाण्यापर्यंत पोचवायचं. मंगलबाईच्या सासरी नियमच आहे, उंबरठ्याबाहेर तिला घराच्या थोरल्या सुनेनेच काढायचं. पुढे रस्त्याला लागल्यावर मग भाऊबंदातल्या, शेजारच्या, कोणीही बायका आळीपाळीने घेतात. पण पहिला मान थोरल्या सुनेचा. मंगलबाईने तो बावीस वर्षं सांभाळला होता. बाळंतपणातून उठल्या उठल्यासुद्धा!

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो. अपॉइंटमेंट एकीची, गेलो चौघी. शिवाय शोभाताईंचे यजमान, रस्ता दाखवायला.

डॉक्टर हेतलबेन म्हणजे अठ्ठावीस-तीसची मुलगी. आम्हाला बघून घाबरलीच. "पेशंट कोण छे?"

आम्ही सगळ्यांनी हात वर केले. म्हणजे, ज्यांचे वर जात होते त्यांनी!

*

हेतलबेनने एकेकीला भिंतीशी उभं करून बाजूने फोटो काढला. मग फोनवर बोटाने रेघ ओढून दाखवली. कान खांद्याच्या बरोबर वर असायला हवा म्हणे. माझा दोन बोटं पुढे होता. मंगलबाईचा चार बोटं! कोंबडी दाणा टिपायला निघालीय असं वाटत होतं.

मंगलबाईने फोन हातात घेतला, डोळे बारीक केले आणि किंचाळली, "हाई ते मनी सासू शे वं!" (ही तर माझी सासू!)

मग हेतलबेनने समजावून सांगितलं, थोडं हिंदीत, थोडं गुजरातीत. डोकं म्हणजे मोठ्या कलिंगडाएवढं ओझं. मान सरळ असली तर मणके ते आरामात पेलतात. मान जितकी खाली, तितका ताण जास्त. आणि मान एकटी दुखत नाही. मानेतून हाताकडे जाणारी नस दबली तर बोटांना मुंग्या येऊ शकतात. मागून डोकं दुखू शकतं. वाकून बसलं की छाती मिटते, श्वास पुरता भरत नाही, माणूस लवकर थकतं. रात्री कूस सापडत नाही, झोप मोडते, सकाळी चिडचिड होते.

"किसीको चिडचिड होती है?" तिने विचारलं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

बाहेरच्या बाकावरून शोभाताईंच्या यजमानांचा आवाज आला, "होती है!"

*

पण मुलगी शहाणी. सगळंच मानेच्या माथी मारलं नाही तिने. "बीपी, शुगर पण तपासून घ्या," म्हणाली. कोकिळाबेनचं बीपी खरंच वाढलेलं निघालं. दोन चष्म्यांनंतर एक गोळी लागू पडली!

मंगलबाईला तिने आधी हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी एक्स-रे काढला, ऑपरेशनचं कारण नाही, व्यायाम करा म्हणाले. हेतलबेनने कागदावर लिहून दिलं : काम उंचावर घ्या. अर्ध्या तासाने उठा. उशी पातळ करा. हनुवटी आत ओढून पाच मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि शेवटी, खाली रेघ मारून : डोक्यावर वजन नाही.

मंगलबाई त्या रेघेकडे बघत राहिली. "श्रावणापर्यंत?"

"श्रावण में देखेंगे, मासी."

आता व्यायामाचं. घरी आल्यावर मी म्हटलं, दहा म्हणजे काय आकडा झाला? कोणत्या सेवेत दहा असतात? आपण मंगलबाईसाठी करतोय, मनापासून करू. एकशे आठ!

जपमाळ घेतली. एकेक मणी ओढायचा, एकेकदा हनुवटी आत. तिन्ही त्रिकाळ. चौघींनी अगदी श्रद्धेने केलं. चौथ्या दिवशी भाजीवाला डाव्या बाजूने आला, तर त्याच्याकडे बघायला आम्हाला चटईसकट फिरावं लागलं!

पाचव्या दिवशी परत दवाखाना. चौघी ताठ. हेतलबेनने माझ्या हातातली माळ बघितली, एका खुर्चीत बसली आणि तिने स्वतःचंच कपाळ धरलं. मग हात जोडून म्हणाली, "भाभी, भगवान को एक सौ आठ दीजिए. मुझे सिर्फ दस!"

*

काम उंचावर घ्यायचं, पण घ्यायचं कशावर? पार्किंगमध्ये टेबलं कुठून आणायची?

डोकं मंगलबाईचं. दुपारी स्कूटरी तर उभ्याच असतात! मोठ्या स्टँडवर लावलेल्या स्कूटरच्या सीटवर फळी टाकली, फळीवर साडी पसरली, समोर स्टूल. झालं टेबल! मान सरळ, हात मोकळे. माझी पोथीसुद्धा एका सीटवर, तांदळाच्या डब्यावर ठेवलेली. ती आता माझ्या नजरेसमोर आली. पोथी आणि मी पहिल्यांदाच समोरासमोर!

आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी कोकिळाबेनच्या मिस्टरांना ऑफिसातून अचानक फोन आला. ते जिन्यातून फोनवर बोलतच उतरले, फळी उचलून बाजूला ठेवली, स्कूटर सुरू केली आणि निघाले. फळी काढली, पण साडीचं एक टोक मागच्या कॅरिअरमध्ये अडकलेलं त्यांनी बघितलंच नाही.

मोरपिशी साडी पार्किंगभर उलगडत निघाली. आम्ही ओरडतोय, ते फोनवर "हा सर, आव्यो सर" करताहेत. मंगलबाईने दुसरं टोक धरलं आणि धावली. गेटपाशी वॉचमनने हात आडवा केला तेव्हा कुठे वरात थांबली.

साडी वाचली. दोन-चार खडे गेले. मंगलबाई धापा टाकत परत आली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल?

"पळताना बी मान सरळ व्हती. बघितली ना?"

आम्ही बघितली होती. आणि आणखीही एक गोष्ट बघितली. टोक तिने उजव्या हाताने धरलं होतं, आणि ते सुटलं नव्हतं.

*

तेवढ्यात शोभाताईंच्या पूजाला बघायला पाहुणे आले. नंदुरबारकडचे. मुलगा सुरतेतच कंपनीत.

पूजा बँकेत आहे, दिवसभर कॉम्प्युटरपुढे. आईच्या सांगण्यावरून तीही आमच्यातली झाली होती. चहाचा ट्रे घेऊन आली ती ताठ, बसली तीही ताठ. खांदे मागे, हनुवटी जमिनीला समांतर.

मुलाच्या आत्याला ते खटकलं. ती हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल इतकी हळू, म्हणाली, "आमच्या वेळी बाई, मुलगी मान वर करत नव्हती. हिने तर आल्यापासून खाली घातली नाही!"

शोभाताईंचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात जप सुरू केला.

मुलगा मात्र आल्यापासून मोबाईलमध्ये होता. मान इतकी खाली की आम्हाला नुसता भांग दिसत होता. अर्धा तास झाला, पोहे झाले, चहा झाला, भांगच!

कोपऱ्यातून मंगलबाई म्हणाली, "मुलीचं नंतर बघू. आधी मुलाचा चेहरा दाखवा!"

सगळ्यात आधी कोण हसलं असेल? मुलगाच. मोबाईल खिशात ठेवून त्याने मान वर केली. चेहरा चांगला निघाला. दिवाळीनंतर लग्न आहे, तुम्ही सगळ्यांनी यायचं.

*

मग चातुर्मास लागला. दरवर्षी आम्ही एकेक गोष्ट सोडतो. कोणी वांगी, कोणी चहा, कोणी ताट. (ताट सोडायचं म्हणजे पानावर जेवायचं.) यंदा मला वाटलं, सगळ्यांनी मिळून मंगलबाईसाठी एकच नेम धरू. देवापुढे हातावरून पाणी सोडून संकल्प केला : चार महिने मान खाली घालायची नाही!

संकल्प करताना मी पुढचा विचार केला नव्हता, हे कबूल करते.

गुरुवारी शोभाताई दत्तमंदिरात गेल्या. आरती झाली, सगळे वाकले. शोभाताई उभ्या. हात जोडलेले, मान ताठ, नजर थेट मूर्तीच्या डोळ्यांत. गेल्या जन्मीचा हिशेब मागायला आल्यासारख्या! पुजारी काका तीर्थ देता देता थांबले. त्यांनी मूर्तीकडे बघितलं, शोभाताईंकडे बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "ताई, महाराजांशी काही बिनसलंय का?"

मी पुन्हा हेतलबेनकडे. ती बिचारी आता माझी चाहूल लागली की पाणी पिऊन घेते. तिने दाखवलं : कमरेतून वाका, पाठ आणि मान एका रेषेत. गुडघे थोडे सैल. नमस्कारही होतो, मानही सांभाळली जाते.

आता आम्ही चौघी तसाच नमस्कार करतो. पुजारी काकांना तो इतका आवडला की परवा एका नवविवाहित जोडप्याला त्यांनी आमच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "असा करायचा. पूर्वीच्या लोकांसारखा!"

*

माझं शनिवारचं डोकं दुखणं थांबलं, हे सांगायचं राहिलं. सोमवारचंही. उपवास दोन्ही चालू आहेत. सोडायला कारणच उरलं नाही.

पण मंगलबाईचा प्रश्न उभाच होता. मुंग्या गेल्या होत्या, खडा निसटत नव्हता. मात्र हेतलबेनची रेघ कागदावर तशीच होती. कानबाई तीन दिवसांवर आली तशी मंगलबाई मला घेऊन दवाखान्यात गेली. रिक्षात म्हणाली, "वहिनी, तिला राग येईल का हो?" डॉक्टरला नव्हे, कानबाईला.

मी म्हटलं, "आई कधी लेकीच्या मानेवर उठते का?"

हेतलबेनने दोन बोटं पुढे केली. "दबाइए." मंगलबाईने दाबली. "अरे! बस, बस!" हेतलबेनने बोटं झटकली. "बहु सरस, मासी. ताकत आ गई."

"मग डोक्यावर घेऊ?"

"ना."

पंचवीस वर्षं गठ्ठेवाल्यांशी घासाघीस केलेली बाई ती! खुर्ची पुढे ओढून बसली. "एकवीस पावलं."

"एक भी नहीं."

"अकरा. उंबरठा ओलांडून ओट्याखाली. पुढे जाऊबाई घेईल."

"मासी, तीन महिने मेहनत की है आपने."

"म्हणून तर अकरा म्हणते. नाहीतर दोन किलोमीटर जाते मी!"

हेतलबेनने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघितलं. त्याला मनातून नमस्कारही केला, काय सांगावं!

"चौरंग हलका पाहिजे," हेतलबेन शेवटी म्हणाली. "दोन्ही बाजूंनी कोणीतरी धरायचं. पाच पावलं. और मैं खुद आऊंगी गिनने."

*

आणि ती खरंच आली! सोमवारी सकाळी, दवाखान्याच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र, पर्स माझ्या हातात देऊन. "भाभी, दस मिनट. मेरे पेशंट बैठे हैं."

मंगलबाईच्या दिराच्या बैठ्या घराच्या दारात ही गर्दी. बँडवाले तयार, बायका फुगड्या घालून लाल झालेल्या. मंगलबाई नऊवारी नेसून, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून उभी. यंदा जुना शिसवी चौरंग बाजूला ठेवून हलका पाट घेतला होता. त्यावर कानबाई, नाकात नथ, गळ्यात हार. पाट डोक्यावर चढला. एका बाजूने दीर, दुसऱ्या बाजूने हेतलबेन.

"एक," हेतलबेन म्हणाली. सगळा घोळका श्वास धरून. "बे. त्रण." तिसऱ्या पावलाला उंबरठा ओलांडला. मंगलबाईच्या डोळ्यांतून धारा, पण मान अशी सरळ की नथीचा मोतीसुद्धा हलला नाही. "चार. पांच. बस!"

ठरल्याप्रमाणे जाऊबाईंनी पुढे यायचं. पण त्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच मान मिळणार म्हणून इतक्या सजत होत्या, की अजून आतच होत्या! "आले, आले," आतून आवाज.

"पांच हो गए!" हेतलबेन ओरडली. कोणी पुढे होईना. बायका एकमेकींकडे बघताहेत, आधी कोणी हात लावायचा. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मंगलबाईच्या डोक्यावरची चुंबळ आणि पाट एका झटक्यात उचलला आणि दुसरी जागा न सुचल्यामुळे स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

त्याच क्षणी बँडवाल्याने सुरुवात केली.

घोळका सुटला! मागच्यांनी पुढे ढकललं, पुढच्यांनी वाट दिली, कोणीतरी हेतलबेनच्या कपाळाला कुंकू फासलं. ती सुरतेची मुलगी, नवरात्रात नऊ दिवस गरबा खेळणारी. पहिली चार पावलं घाबरत टाकली. पाचव्याला तिचा पाय ठेक्यात पडला.

मी पर्स घेऊन मागे धावतेय, पर्समध्ये फोन वाजतोय. जाऊबाई नथ सावरत धावताहेत. आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे मंगलबाई, दोन्ही हात पसरून.

"पाच झाले, बेन! द्या आता!"

हेतलबेनने मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाली, "बस मासी, पहेला वळांक सुधी!"

पहिल्या वळणापर्यंत म्हणे. वळण आलं. वळण गेलं.

"बेन!"

"बीजा वळांक सुधी, मासी!"